काळ्या दगडाची नवले

'निसर्गातील आणि विज्ञानातील नवले' असा विषय व्याख्यानमालेच्या चालकांनी सुचविला, तेव्हा मनात प्रथम आली ती नेहमीचीच यादी : ध्रुवप्रदेशाच्या आकाशातील रंगीत प्रकाश, पिसाचा कललेला मनोरा, चंद्रावर उमटलेले माणसाचे पाऊल. यादी वाईट नाही. पण तिच्यातील एकही नवल श्रोत्याला उद्या सकाळी उठून पाहता येत नाही. म्हणून मी ठरविले की यवतहून निघून दिवसाभरात जाऊन परत येता येईल एवढ्या मुलखापुरतेच बोलावयाचे. आणि तसा शोध घेऊ लागलो, तेव्हा मौज अशी झाली की एकामागून एक निघालेली सारी नवले एकाच वस्तूची निघाली. ती वस्तू म्हणजे आपला काळा दगड.

हा दगड आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्याच्याकडे कोणी पाहत नाही. घराचे जोते त्याचे, पाटा-वरवंटा त्याचा, जाते त्याचे, विहिरीचा काठ त्याचा, शेताच्या हद्दीवरचा धोंडा त्याचा, आणि शेंदूर लावला की देवही त्याचाच. वर्गात बसून ज्याच्या डोक्यात काही शिरत नाही त्या पोराला आपण 'दगड' म्हणतो. पण या दगडाइतके धावपळीचे चरित्र फार थोड्या वस्तूंना लाभले असेल. तो पाण्यासारखा वाहिला आहे, दुधासारखा फेसाळला आहे, पिठासारखा दळला गेला आहे. आणि माणसाच्या हाती पडल्यापासून त्याचे जे झाले ते तर वेगळेच.

शास्त्रात त्याला बेसॉल्ट म्हणतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची गोष्ट. ज्वालामुखी म्हटला की शंकूसारखा डोंगर आणि त्याच्या तोंडातून निघणारा धूर असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. आपल्याकडे मुख्यतः तसे झाले नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हारस वर येऊन दूरवर पसरला. तव्यावर घावनाचे पीठ ओतावे आणि ते आपल्याआपण कडेपर्यंत पसरावे, तसा. एक घावन थिजते न थिजते तोच त्यावर दुसरे. अशी घावनांवर घावने रचली जाऊन दख्खनचे पठार तयार झाले. झीज होऊन आज जे उरले आहे तेच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरते. आपल्या सबंध महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३ लाखांच्या थोडे वर आहे, यावरून अंदाज करावा. आणि यांतील बहुतेक रस दहा लाख वर्षांच्या आत बाहेर पडला असे मोजणी सांगते. दहा लाख वर्षे म्हणजे आपल्याला अनंतकाळ वाटेल. पृथ्वीच्या हिशेबात ती एक पाळी देखील नव्हे.

या थराची जाडी किती? कोयनेच्या परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी गेल्या दीड दशकात जी खोल विवरे पाडण्यात आली, त्यांत कुठे नऊशे तर कुठे बाराशे मीटरांवर मीटर नुसता काळा दगड लागला, आणि मग त्याच्याखाली ग्रॅनाइट. पूर्वेकडे किल्लारीला, १९९३ च्या भूकंपानंतर, असेच विवर खणले तेव्हा ग्रॅनाइट ३३८ मीटरांवरच लागला. म्हणजे सह्याद्रीकडे थर जाड आणि पूर्वेकडे जावे तसतसा पातळ. भाकरीची एक बाजू जाड राहून गेली आहे म्हणा ना!

त्या वेळी आपली भूमी आज आहे तिथे नव्हतीच. ती विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती आणि उत्तरेकडे सरकत होती. पृथ्वीच्या पोटातील ज्या उष्ण जागेमुळे हा रस वर आला असे बरेच शास्त्रज्ञ मानतात, ती जागा आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे, आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. शेजारचे मॉरिशस बेट त्याच उष्ण जागेने मागाहून घडविले. एकोणिसाव्या शतकात कोकणातून गिरमिटावर जी मराठी माणसे मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत मजुरीला गेली, त्यांना जमीन लागवडीला आणताना तेथील काळे धोंडे वेचून त्यांच्या राशी घालाव्या लागल्या. घरापासून इतक्या दूर जाऊनही त्यांच्या हाती दगड आला तो घरच्याच दगडाचा भाऊ होता. हे त्यांना कोणी सांगितले असते, तर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला असता असे मला वाटते.

अजस्र सरड्यांचा, म्हणजे डायनासोरांचा, नाश याच सुमारास झाला. मेक्सिकोत आदळलेला अशनी हे त्याचे कारण, की आपल्या दख्खनच्या लाव्ह्यातून निघालेल्या विषारी वायूंचाही त्यात हात होता, हा वाद अजून चालू आहे. तो शास्त्रज्ञांवर सोपवून आपण डोंगराकडे वळू.

यवतहून भुलेश्वराच्या डोंगराकडे, किंवा जरा पलीकडे पुरंदरकडे नजर टाकली तर डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. उभा कडा, मग उतरण, पुन्हा कडा, पुन्हा उतरण. इंग्रज भूस्तरशास्त्रज्ञांनी या दगडाला 'ट्रॅप' हे नाव दिले ते पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून. याचे कारण घावनातच आहे. लाव्हारस थिजताना त्यातील वायूंचे बुडबुडे वर चढतात. त्यामुळे प्रत्येक थराचा खालचा-मधला भाग घट्ट आणि सलग होतो, तर माथा स्पंजासारखा भोकाभोकांचा राहतो. भोकाभोकांचा भाग लवकर झिजून त्याची उतरण होते. घट्ट भाग कड्यासारखा उभा राहतो. शिवकालात ज्या कड्यांवर शत्रू अडखळले, ते कडे मुळात लाव्ह्यातील बुडबुड्यांनी ठरवून ठेविले होते.

आपल्या विहीर खणणाऱ्यांना हे सारे पुस्तकावाचून ठाऊक आहे. वर काळी माती, मग मुरूम, मग भोकांचा, पांढऱ्या ठिपक्यांचा दगड, त्याला ते 'मांजऱ्या' म्हणतात. मग काळा पाषाण. मध्येच कधी वीटकरी रंगाचा पातळ थर लागतो, तो गेरू. एक लाव्हा थिजल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये जो काळ गेला, त्या काळात पहिल्याचा माथा हवापाण्याने कुजून माती झाला, आणि वरून दुसरा तप्त रस आल्याने ती माती भाजली गेली. तोच हा गेरू, असा त्याचा एक उलगडा आहे. पाणी लागते ते बहुधा मांजऱ्यात किंवा दोन थरांच्या सांध्यात; सलग काळ्या पाषाणात भेग नसेल तर थेंब मिळत नाही. विहिरीचे काम करणारा जुना माणूस पहार आपटून आवाजावरून खाली काय आहे ते सांगतो. त्याला भूस्तरशास्त्रज्ञ म्हणण्यास माझी हरकत नाही. त्याला त्या विद्वत्तेचे पैसे कोणी देत नाही एवढेच.

आता त्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत काय झाले ते ऐकण्यासारखे आहे. दगड थिजल्यावर कित्येक वर्षे त्याच्यातून ऊन पाणी झिरपत राहिले. त्या पाण्यात दगडातील द्रव्ये विरघळली आणि पोकळ्यांच्या भिंतींवर स्फटिक होऊन बसली. साखरेच्या पाकात दोरा सोडला की खडीसाखर धरते, तसेच. फक्त फार सावकाश. यांतील कित्येक स्फटिक झिओलाइट नावाच्या कुळातील आहेत. १७५६ साली क्रोनस्टेट नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने असा एक खडा फुंकणीच्या ज्योतीत धरला, तर तो चक्क उकळल्यासारखा फसफसला. म्हणून त्याने ग्रीक शब्द जोडून 'उकळणारा दगड' अशा अर्थाचे हे नाव ठेविले. खडा उकळतो कारण त्याच्या अंगात पाणी असते. त्याची रचनाच अशी की सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या अणूंची जाळी आणि जाळीत अतिसूक्ष्म बोळ. तापविला की बोळांतील पाणी निघून जाते; थंड करून ओलाव्यात ठेविला की पुन्हा आत येते; जाळी मात्र मोडत नाही. हे बोळ इतके अरुंद असतात की एक रेणू आत शिरतो आणि त्याहून थोडा मोठा बाहेरच अडतो. म्हणजे रेणूंची चाळणी! माणसाने मग कारखान्यात असे झिओलाइट बनविले. आज खनिज तेलातून पेट्रोल काढताना ते लागतात, जड पाणी हलके करण्यास लागतात, आणि कपडे धुण्याच्या पुष्कळशा पुडींत असतात.

पुणे जिल्ह्याचे नाव या स्फटिकांमुळे जगभरच्या संग्रहालयांत पोहोचले आहे. एकोणिसाव्या शतकात अशा एका स्फटिकाला पुण्यावरून 'पूनालाइट' असे नावही दिले गेले होते. पुढे तो आधीच ओळखीच्या असलेल्या मेसोलाइटचाच प्रकार ठरला आणि नाव मागे पडले. पण वाघोलीचे स्फटिक मात्र कोणाच्या मागे पडणार नाहीत. नगर रस्त्यावरील वाघोलीच्या खडीच्या खाणींत १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून कॅव्हन्साइट सापडू लागले. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन या तीन नावांची आद्याक्षरे जोडून ते नाव बनले आहे. हे द्रव्य पहिल्याने अमेरिकेत ऑरेगॉन राज्यात आढळले. पण तेथे मिळाले ते बेताचेच. वाघोलीत निघाले ते मोरपिसासारख्या निळ्या सुयांचे गेंद, पांढऱ्या स्फटिकांच्या गादीवर बसलेले. ज्यांनी पाहिले नसतील त्यांनी अवश्य पाहावेत. कोणी रंग लावला आहे असेच वाटते.

इथे मला थोडे थांबावयाचे आहे. संघटनेच्या कामाकरिता मी खडीच्या खाणींवर हिंडलो आहे. गावे आणि मालक यांची नावे सांगत नाही. तेथे मजुराचा हिशेब ब्रासावर होत असे. शंभर घनफूट खडीचा एक ब्रास. घण चालविणारा पुरुष, खडी फोडणारी त्याची बायको आणि टोपलीशी खेळणारे मूल, असे सारे घर त्या ब्रासाच्या मागे लागलेले. अशा वेळी दगड फुटून आत निळा गेंद चमकला तर काय करावयाचे? तो धड बाहेर काढावयाचा तर भोवतीचा दगड छिन्नीने हलक्या हाताने उतरवावा लागतो, आणि त्यात अर्धा दिवस मोडतो. अर्धा दिवस म्हणजे अर्धी भाकरी. एका बाईने मला सांगितले, "दादा, आमी त्यो बगतो आन् वरनं घण घालतो. पोराला खेळायला तुकडा ऱ्हातो." पुढे पुढे व्यापारी खाणींवर येऊ लागले, तशी मजुरांनाही गाऱ्यांची किंमत कळू लागली आणि थोडे पैसे मिळू लागले, पण खाणीच्या तोंडाशी मिळणारी किंमत आणि काचेच्या कपाटाखाली लिहिलेली किंमत यांत जे अंतर असते, ते मोजण्यास ब्रास पुरत नाही. कपाटातील चिठ्ठीवर द्रव्याचे नाव असते, वाघोलीचे नाव असते, क्वचित संग्राहकाचेही असते. ज्याने अर्धी भाकरी सोडून तो गेंद वाचविला त्याचे नाव मी अजून वाचले नाही.

वाघोलीहून आता शिरूरकडे. शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी आणि पलीकडे पारनेर तालुक्यातील निघोज यांच्या मध्ये कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. मळगंगेच्या दर्शनाला जाणाऱ्यांनी ते पाहिलेच असतील. कोणी 'आशियातील सर्वांत मोठे' म्हणतात, कोणी आणखी काही म्हणतात. मोजून कोणी पाहिले असे विचारले की बोलणे थांबते. मोठेपणाच्या त्या वादात न शिरताही नवल कमी होत नाही. सबंध पात्र सलग काळ्या पाषाणाचे, आणि त्यात कुंभाराने घडवावेत तसे रांजण. तोंड अरुंद, पोट मोठे, आत गुळगुळीत. काही ठिकाणी दोन रांजणांमधील भिंत फुटून ते एकमेकांत उतरले आहेत, आणि नदी जमिनीवरून वाहण्याऐवजी जणू रांजणांतून वाट काढीत चालली आहे.

हे कोणी केले? पाण्याने, असे उत्तर चटकन येते; पण ते अर्धेच. नुसते पाणी इतका कठीण दगड असा कोरू शकत नाही. पुराच्या पाण्यात भोवरा धरतो. जिथे पात्राला आधीच भेग किंवा खळगी असेल तिथे भोवरा ठाण मांडतो. पुराबरोबर आलेले गोटे आणि वाळू त्या खळगीत पडतात, बाहेर निघू शकत नाहीत आणि भोवऱ्याबरोबर गरगर फिरू लागतात. म्हणजे झाले जाते! फिरणारा गोटा तळ घासतो, बाजू घासतो. आणि तळाशी फिरण्याचा जोर असल्याने पोट मोठे होत जाते, तोंड मात्र तेवढे रुंदावत नाही. पण जो घासतो तोही झिजतो. गोटा लहान होतो, त्याची सुपारी होते, सुपारीची वाळू होते आणि ती वाहून जाते. पुढच्या पुरात दुसरा गोटा येतो. एका रांजणामागे असे किती गोटे संपले असतील याचा हिशेब कोणी ठेविलेला नाही. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर रांजणाच्या तळाशी पाच-सात गोल गोटे बसलेले दिसतात; ते कामावरचे शेवटचे पाळीवाले. आता कुकडीचे बरेचसे पाणी वर येडगाव आणि माणिकडोहसारख्या धरणांत अडते, त्यामुळे त्यांना पूर्वीसारखे काम नाही. त्यांतील एखादा गोटा आठवण म्हणून उचलून आणण्याची पुष्कळांना सवय आहे. ती सोडावी. त्या जागी तो गोटा हत्यार आहे. आपल्या कपाटात तो नुसता गोटा आहे.

दळलेले पीठ कुकडीबरोबर घोड नदीत आणि घोडबरोबर भीमेत येते. भीमेच्या काठी आपण ज्या काळ्या मातीत ऊस लावतो, ती मातीदेखील याच दगडाची; काही नदीने दळून आणलेली, काही जागच्या जागी ऊन-पावसाने कुजविलेली. यवतच्या गुऱ्हाळातील गुळाची ढेप हे या दगडाचे दूरचे नातवंड होय, असे म्हटले तर चवीला बाध येऊ नये.

नदीकाठचे आणखी एक नवल आपल्या अगदी जवळ, मोरगावला आहे. अष्टविनायकांतील पहिला गणपती म्हणून आपण तेथे जातो, दर्शन घेतो आणि एस.टी. पकडतो. तेथे कऱ्हा नदीच्या काठच्या मातीत फिकट रंगाचा एक थर भूस्तरशास्त्रज्ञांना सापडला. तसाच जुन्नरकडे कुकडीच्या काठी बोरीलाही सापडला. ही ज्वालामुखीची राख आहे. पण आपल्या ज्वालामुखीची नव्हे, कारण आपला लाव्हा त्यापूर्वीच कोट्यवधी वर्षे थंड झालेला. भिंगाखाली पाहिले तर ही राख म्हणजे काचेच्या बारीक कपच्या आहेत, आणि त्यांची घटना इंडोनेशियातील सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीशी जुळते. मोरगावपासून टोबा सुमारे ३००० किलोमीटर. टोबाचा शेवटचा प्रचंड उद्रेक सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी झाला; ही राख त्याच उद्रेकाची, की टोबाच्याच कित्येक लाख वर्षे आधीच्या एखाद्या उद्रेकाची, यावर विद्वानांत एकमत नाही. राख समुद्र ओलांडून आली यावर मात्र आहे.

तो वाद इतक्या हिरिरीने चालतो याचे कारण राखेच्या शेजारी आहे. मोरगावला आणि बोरीला नदीकाठच्या त्याच जुन्या थरांत दगडी हत्यारे मिळाली आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी त्यांचा अभ्यास केला. बदामाच्या आकाराची, दोन्ही अंगांनी कपच्या उडवून धार काढलेली हातकुऱ्हाड. राखेचे वय ठरले तर हत्याराचे वय ठरते, आणि हत्याराचे ठरले तर आपल्या मुलखातील पहिल्या माणसाचे. तो माणूस आपल्यासारखा होता की आपल्या आधीच्या जातीचा, हेही त्यावरच अवलंबून आहे. कोणीही असो. या दगडावर नेमक्या जागी, नेमक्या कोनात घाव घातला की हवी तशी कपची उडते, हे त्याला ठाऊक होते. हात मारून पाहावे म्हणजे ते किती अवघड आहे हे कळेल. बोट ठेचल्याशिवाय पहिली कपची उडत नाही.

तिथून पुढे या दगडाचा इतिहास म्हणजे हाताचा इतिहास झाला. आपल्या उशाशी असलेला भुलेश्वर घ्या. यवतपासून जवळच, पुरंदर तालुक्यातील माळशिरसच्या हद्दीत, डोंगरावर हे यादवकाळचे देऊळ आहे. सतराव्या शतकात आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने या डोंगरावर दौलतमंगळ गड बांधला, आणि देवळाचे बाहेरचे रूपही असे साधे की आत काही असेल असे वाटू नये. आत गेले की डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावे. मग भिंती बोलू लागतात. युद्धाचे प्रसंग आहेत, शरपंजरी भीष्म आहे, आणि स्त्रीवेषातील गणपती आहे, ज्याला वैनायकी म्हणतात. पुष्कळ मूर्तींचे चेहरे फोडलेले आहेत. उरले आहे त्यावरूनही काम कळते. येथील पिंडीपुढे ठेवलेल्या पेढ्यांतील एक पेढा देव खातो असे सांगतात, आणि येणारे-जाणारे त्याच चमत्काराची चौकशी करतात. श्रद्धेच्या आड मी येत नाही. माझे म्हणणे एवढेच की पेढ्याकडे पाहून झाल्यावर भिंतीकडेही पाहावे.

कारण हा दगड कोरणे ही काय चीज आहे हे कळण्यास टाकी हाती धरावी लागते. वाळूचा दगड थरांचा असतो, मऊ असतो. त्यात नक्षी भराभर उठते आणि पावसाने तितक्याच भराभर पुसते. आपला दगड बारीक कणांचा, बिनथरांचा आणि पोलादी टाकीची धार खाणारा. त्यात नक्षी उठण्यास वेळ लागतो, पण उठली की केसाएवढी रेघ आठशे वर्षे टिकते. शिवाय आत बुडबुडा दडलेला असू शकतो. महिना-दोन महिने राबून मूर्ती नाकापर्यंत आली आणि नाकाच्या जागी पोकळी निघाली, तर चुना भरून भागत नाही. म्हणून पाथरवट आधी दगड वाजवून पाहतो : खणखणीत वाजला तर सलग, बद्द वाजला तर नको. भुलेश्वराच्या पाथरवटांनी असे किती दगड वाजवून टाकून दिले असतील! त्यांची नावे देवळात कुठे वाचावयास मिळत नाहीत.

नाव मिळते ते कार्ल्याला. लोणावळ्याजवळील कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी याच काळ्या डोंगरात कोरले. हिंदुस्थानातील कोरीव चैत्यगृहांत ते सर्वांत मोठे. आत गेल्यावर छताला लाकडी कमानी दिसतात. दगडाच्या छताला त्यांची काहीच गरज नाही, पण लाकडी देवळे बांधणाऱ्यांच्या डोळ्यांना सवय होती म्हणून त्या बसविल्या, आणि त्या अजून आहेत. तेथे खांबांवर, भिंतींवर देणगीदारांची नावे ब्राह्मी लिपीत कोरली आहेत : व्यापारी आहेत, श्रेष्ठी आहेत, यवन आहेत. त्यांतच एका लहानशा लेखात नोंद आहे की दाराचे काम धेनुकाकट गावच्या वेणुवासाचा मुलगा सामी या सुताराने केले. दान देणाऱ्यांच्या मेळ्यात काम करणाराचे नाव! त्याच्या वेळच्या राजांची नावे जुळविताना इतिहासकार डोके खाजवितात. सामीचे नाव, बापाचे नाव, गाव आणि धंदा सारे चोख आहे. मला तर नवलांच्या साऱ्या यादीत ही एक ओळ वरच्या जागी ठेवावीशी वाटते.

कार्ल्यापासून थोडे खाली उतरले की बोरघाट लागतो. येथे याच दगडावर जे काम झाले त्याची नावे मात्र शोधूनही मिळावयाची नाहीत. पुण्याहून यवत, दौंडवरून दिकसाळपर्यंत रेल्वे १८५८ सालीच सुरू झाली होती; खंडाळ्याहून पुण्यापर्यंत त्याच्या थोडी आधी. पण खंडाळा ते खोपोली हा घाट अजून फुटावयाचा होता. म्हणजे मुंबईचा माणूस खोपोलीला उतरून पालखीने, घोड्याने किंवा पायी घाट चढे आणि वर पुन्हा गाडीत बसे. घाटाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली पुरे झाले. सुमारे २४ किलोमीटरांच्या वाटेत साडेपाचशे मीटरांचा चढ आणि २५ बोगदे. पहारीने भोके पाडावयाची, बंदुकीची दारू भरावयाची, बत्ती द्यावयाची आणि धावत सुटावयाचे. कड्यावर पाय ठेवण्यास जागा नसे तिथे माणसाला दोराने लोंबकळत सोडीत. कामाच्या ऐन भरात, १८६१ साली, तेथे ४२ हजार माणसे खपत होती. पटकीच्या साथींनी किती गेली आणि सुरुंगांनी किती, याचा नीट हिशेब नाही.

या कामावर १८५९ च्या जानेवारीत एक प्रकार घडला. उप-कंत्राटदारांनी मजुरी थकविली होती. मजुरांनी काम टाकले आणि प्रकरण हाणामारीवर गेले. चौकशीत मजुरी थकल्याची गोष्ट पुढे आली, आणि त्याच वर्षी फॅव्हिएल या कंत्राटदाराने काम सोडले. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला; तो येऊन थोड्याच दिवसांत आजाराने वारला, आणि पुढे त्याची विधवा ॲलिस ट्रेडवेल हिने एंजिनिअरांना हाताशी धरून काम तडीस नेले. तिची हिंमत खरीच मोठी, आणि तिचे नाव इतिहासात राहिले हे योग्यच झाले. पण ज्यांनी थकल्या मजुरीसाठी काम टाकले ते कोण होते? मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या त्या १८८४ साली. त्याच्या पंचवीस वर्षे आधी, ना सभा, ना झेंडा, ना अर्ज लिहून देणारा कोणी, अशा स्थितीत या लोकांनी एकजुटीने हात थांबविले. हिंदुस्थानच्या कामगार चळवळीच्या पुस्तकांत ही गोष्ट बहुधा तळटीपेत सापडते.

घाट फोडताना निघालेल्या पोकळ्यांतूनच झिओलाइटाचे पहिले मोठे नमुने विलायतेस गेले, ही आणखी एक मौज. दगड मात्र येथेच राहिला, आणि आज रुळांखाली आहे. खडी काही भर म्हणून टाकीत नाहीत. गाडीचा भार रुळावरून स्लीपरवर आणि स्लीपरवरून खडीवर येतो. खडी तो जमिनीवर पसरून देते, पावसाचे पाणी निचरू देते आणि स्लीपर जागचा हलू देत नाही. हे तिला साधते ते तिच्या टोकदार कडांमुळे. एका खड्याची कड दुसऱ्याच्या खाचेत अडकते आणि सारा ढीग एकमेकांना धरून बसतो. कुकडीतले गुळगुळीत गोटे दिसण्यास कितीही सुंदर असोत, ते रुळांखाली घातले तर पहिल्याच गाडीला घसरू लागतील. म्हणून खडी ताजी फोडलेली लागते, आणि वर्षानुवर्षे गाड्यांच्या भाराने तिच्या कडा झिजल्या, तिचा चुरा झाला की चाळून टाकावी लागते. पूर्वी रुळांवरच्या गँगची माणसे ओळीने उभी राहून बीटरने खडी स्लीपरखाली ठोकीत. आता पुष्कळ ठिकाणी ते काम यंत्र करते.

यवतच्या फलाटाच्या टोकाशी उभे राहून त्या खडीकडे एकदा नीट पाहावे. बहुतेक खडे निळसर काळे आणि घट्ट दिसतील. त्यांत एखादा भोकाभोकांचा, पांढऱ्या ठिपक्यांचा खडा दिसला तर तो मांजऱ्या समजावा. तो भाराखाली लवकर भुगा होतो. खडी मोजून घेणाऱ्याने तो खाणीवरच बाजूला काढावयास हवा होता.